असईचा कंट्रोलर

नानांना काहीही सांगितलं की ते वाक्य ते परत म्हणून दाखवत आणि शेवटी विचारत, "बरोबर?" समोरच्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय त्यांच्या लेखी निरोप पोचलेला नसे. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, अक्का, सांगत, "पानं वाढली." ओसरीवरून उत्तर येई, "पानं वाढली. बरोबर?" अक्का "बरोबर" म्हणत आणि हलक्या आवाजात पुढं जोडत, "आता या, नाहीतर गाडी सुटली." नवे शेजारी याला हसत. जुने शेजारी नानांशी बोलताना आपोआप लहान वाक्यं करत.

सवय भुसावळच्या कंट्रोल ऑफिसातली होती. नाना रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. कानाला टेलिफोन लावायचा, कुठली गाडी कुठं आहे हे स्टेशनांकडून ऐकायचं, आणि कुणाला पुढं सोडायचं, कुणाला बाजूला उभं करायचं ते सांगायचं, असं ते काम. "इतक्या गाड्या चालवल्या," ते म्हणत, "पाहिल्या त्या फक्त रजेवर जाताना." निवृत्त झाल्यावर ते पाचोऱ्याला घरी आले आणि त्यांनी लढाया चालवायला घेतल्या.

माझी त्यांची ओळख शिशामुळे झाली. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आमच्याकडे ऑफसेट आलं आणि खिळ्यांची जुळणी बंद झाली. शिशाचा जुना टाईप किलोवर विकायला काढला होता. एक दिवस पांढऱ्या पॅंटवर पांढरा बुशशर्ट घातलेले एक गृहस्थ पोतं घेऊन आले.

"किती हवाय?" मी विचारलं.

"दीड पलटण," ते म्हणाले.

ते शिसं पाचोऱ्याच्या एका ओताऱ्याकडे जाई. नाना साचे स्वतः कोरत. शिपाई बोटाच्या पेराएवढा, घोडेस्वार त्याहून थोडा मोठा. रंगवण्याचं काम अक्का आणि गल्लीतल्या दोन बायका करत. एका घोड्याच्या पोटाखाली नीट न वितळलेला अर्धा 'क्ष' मी स्वतः पाहिला आहे. नानांना तो दाखवला तर म्हणाले, "असू द्या. बिनअक्षराच्या घोड्यापेक्षा बरा."

त्यांची लढाई एकच होती. असईची. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेलं की ते गाव लागतं. तिथं केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात शिंद्यांची कवायती पायदळं आणि कंपनी सरकारची फौज यांची गाठ पडली होती. कंपनीच्या सेनापतीला नदी ओलांडायची होती आणि उतार सापडत नव्हता. त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. दोन गावं समोरासमोर आहेत म्हणजे लोक येत-जात असणार, म्हणजे मध्ये उतार असणारच, असं त्यानं ताडलं आणि फौज तिथून उतरवली. नाना हे सांगताना दर वेळी थांबत. "हा माणूस रेल्वेत पाहिजे होता," असं म्हणत. पुढं तो विलायतेचा पंतप्रधान झाला, हे त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

लढाई भरे पाचोऱ्याबाहेरच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात कापसाचा हंगाम संपलेला असे. विकल्या न गेलेल्या रुईच्या गाठींवर फळ्या टाकून नाना टेबलं मांडत. ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जात. टेबल फार रुंद केलं तर मधल्या शिपायापर्यंत हात पोचत नाही, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. मधल्या रांगा हलवायला एकजण टेबलावर गुडघे टेकून चढला आणि त्याच्या एका गुडघ्याखाली एक तोफखाना गेला. दुसऱ्या वर्षी त्यांनी टेबल मधून फाडलं. ती मोकळी वाट म्हणजे केळणा नदी. खेळणारी माणसं नदीतून चालत, सैन्य मात्र उताराच्या फळीवरूनच जाई. तोफ डागली की तोंडाशी कापसाचा पुंजका ठेवायचा. पंखा लावायचा नाही, कारण दोन तोफांचा धूर उडून तिसऱ्या तोफेवर बसे. विडी ओढायला फाटकाबाहेर जायचं. दुपारी पत्रे इतके तापत की शिपाई हातात धरवत नसत. तेव्हा युद्धबंदी.

मोठ्या लढाईला सगळ्यात मोठी टंचाई शिपायांची पडत नाही. दोन दिवस दुकान, कोर्ट, शेत आणि घर सोडून बसणारी कर्ती माणसं मिळत नाहीत. यावर नानांनी आखाजी शोधली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि पुरुष खेळायला बसतात. एरवी पत्त्याला हात लावला तर घर डोक्यावर घेणारी म्हातारी माणसं त्या दिवसांत दुसरीकडे बघतात. "कुठं चाललात?" "खेळायला." आखाजीला एवढं उत्तर पुरतं. नानांची लढाई त्या सवलतीत बसली. गावात मात्र बरीच वर्षं समज होता की जिनिंगमध्ये काही तरी जबर जुगार चालतो. नानांनी तो कधी खोडला नाही. त्या समजामुळे खेळाडू वाढले.

दुसरी टंचाई शत्रूची. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला कंपनीच्या बाजूनं उभं करणं अवघड. सगळ्यांना शिंदे हवे असत. नानांनी नियम केला: शेवटी येईल त्याला कंपनी. त्यामुळे पहाटे पाचपासून माणसं फाटकाशी हजर राहू लागली आणि लढाई वेळेवर सुरू होऊ लागली. शेवटी येत ते जळगावचे कापडवाले शेठ. आखाजीची गिऱ्हाईकी उरकल्याशिवाय त्यांना निघता येत नसे. हळूहळू कंपनी त्यांचीच झाली.

नरडाण्याकडचे एक शेतकरी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. ते शेठना सुनावत, "शेठ, तुम्ही मुद्दाम उशिरा येतस. माले बठ्ठं माहीत शे."

"आबा, कंपनीही दुकानदारांचीच होती," शेठ टोपी काढून गाठीवर ठेवत म्हणत. "मला समोरचं गिऱ्हाईक ओळखता येतं, एवढंच."

आबांकडे शिंद्यांचा घोडा, म्हणजे सगळं घोडदळ, असे. प्रत्यक्ष लढाईत तो घोडा बहुतेक वेळ नुसता उभा राहिला, ही गोष्ट नानांनी त्यांना एकदा सांगितली होती. आबांना ती घरच्या अपमानासारखी लागली. "घोडा उभा ऱ्हायना? आन् लोके मरत व्हतात?" असं ते दर वर्षी नव्यानं विचारत. घोडा एकदा तरी तोफांपर्यंत न्यायचा, एवढ्यासाठी ते नरडाण्याहून येत.

मला काम मिळालं निरोप्याचं. टेबलाचे पाच भाग होते आणि एका भागातल्या सरदाराला दुसऱ्याशी थेट बोलायला मनाई होती. निरोप मी न्यायचा. नानांची सूचना एकच होती: "दिसलं ते सांगा. वाटलं ते सांगू नका." वृत्तपत्रात मला ही गोष्ट इतक्या थोडक्यात कुणी सांगितली नव्हती.

खरी अडचण वेळेची निघाली. एक पाळी म्हणजे लढाईतला अर्धा तास. पण पहिल्या भागात बँकेतले दोन मितभाषी कारकून होते, त्यांची पाळी चहा निवायच्या आत होई. पाचव्या भागात धुळ्याचे वकील होते. ते प्रत्येक तोफगोळ्याला हरकत घेत. गोळा कुठून सुटला, मध्ये झाड होतं का, झाडाला पानं होती का. पहिल्या भागात लढाईचे तीन वाजत तेव्हा पाचव्यात दुपारचा एकही वाजलेला नसे. एका वर्षी आबांचा घोडा चौथ्या भागातून अडीचला निघाला आणि पाचव्यात दीडला पोचला. वकिलांनी मुद्दा काढला की जे अजून घडलंच नाही त्याच्यावर हल्ला करता येत नाही. त्या मुद्द्यावर ती लढाई तिथंच मोडली.

आठ दिवसांनी नानांना आपल्याच नोकरीतला उपाय सुचला. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकन मिळाल्याशिवाय पुढच्या टप्प्यात गाडी नेता येत नाही, म्हणजे एका टप्प्यात एकाच वेळी दोन गाड्या येत नाहीत. नानांनी प्रत्येक भागापुढं पाटी ठेवली. पाटीवर त्या भागाची वेळ खडूनं लिहायची. एका भागातून दुसऱ्यात फौज न्यायची तर नानांकडून लाकडी चकती घ्यायची. दोन्ही पाट्यांवर एकच वेळ असेल तरच चकती मिळणार. "फौज लेट चालेल," ते म्हणाले, "उद्याची फौज आज नको."

एवढं करूनही लढाई कधी संपली नव्हती. एकदा वावटळीनं दोन पत्रे उचलून नेले आणि शेडभर धूळ बसली. एकदा लग्नाच्या दाट तिथीमुळे दुसऱ्या दिवशी निम्मे सरदार वरातीत होते. बाकी वर्षी वेळच पुरला नाही. सगळे म्हणत, काय बिघडलं, खेळलो ना. नानांना ते पटत नसे. गाडी निम्म्या वाटेत सोडून घरी गेलेला कंट्रोलर कुणी पाहिलाय का, असं ते विचारत.

मग ते वर्ष आलं. जिनिंग विकली गेली होती. नव्या मालकाचे ट्रक आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं न्यायला येणार होते. जुन्या मालकाच्या मुनीमजींनी फाटकाची किल्ली देताना सांगितलं, "नाना, आखाजीच्या संध्याकाळपर्यंत काय ते उरका. पुढच्या वर्षी इथं शेड नसेल."

"पुढच्या वर्षी इथं शेड नसेल. बरोबर?" नाना म्हणाले.

"बरोबर," मुनीमजी म्हणाले, आणि नाना किल्ली खिशात टाकून टेबलं मांडायला लागले.

त्या वर्षी लढाई वेगानं चालली. कारण साधं होतं. धुळ्याच्या वकिलांचा घसा बसला होता. बसमधून उतरल्या उतरल्या त्यांनी बर्फाचा उसाचा रस घेतला होता, आणि आता त्यांच्या तोंडून फक्त हवा येत होती. ते हरकत घेण्यासाठी बोट वर करत, ओठ हलवत, आणि कुणी लक्ष दिलं नाही की खाली बसत. पाचव्या भागाची पाटी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर पुसली जात होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन आखाजीला, युद्धबंदीच्या जरा आधी आबांनी चकती मागितली. नानांनी चौथी पाटी पाहिली, पाचवी पाहिली, चकती दिली. आबांचा घोडा पाचव्या भागात शिरला. शेठच्या पलटणी उतार ओलांडून नुकत्या वर येत होत्या आणि त्यांच्या तोफांची तोंडं भलतीकडे होती. पुढच्या दोन पाळ्यांत कंपनीचं ते टोक मोडलं. सगळे आपापले भाग सोडून तिथं जमले. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते शिव्या देत होते. शेठनी टोपी डोक्यावर घातली, म्हणजे ते निघायच्या तयारीला लागले होते. अजून थोडं खेळायचं बाकी होतं, पण निकाल दिसत होता. असईची लढाई संपणार होती, आणि शिंदे जिंकणार होते.

नाना माठावर पाणी पिऊन परत आले. पाचव्या पाटीसमोर थांबले. मग वकिलांकडे वळले.

"वकीलसाहेब, मी चकती दिली तेव्हा तुमच्या पाटीवर किती वाजले होते?"

वकिलांनी एक बोट दाखवलं.

"एक. बरोबर?"

वकिलांनी होकारार्थी मान हलवली.

"मी दीड धरला," नाना म्हणाले.

आम्हाला कळायला वेळ लागला. वकिलांच्या पाटीवरची वेळ नेहमी मागं असे. ते वाद घालण्यात पाटी पुसायला विसरत. त्यामुळे तिथली वेळ वाचताना मनातल्या मनात अर्धा तास वाढवायची नानांना सवय लागली होती. त्या दिवशी वाद नव्हता, पाटी खरी होती, आणि नानांनी अर्धा तास वाढवून ती चौथ्या पाटीवरच्या दीडशी जुळवली. घोडा अर्धा तास आधी पोचला. तेवढ्या वेळात शेठच्या तोफा वळल्या असत्या.

हे नानांशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"घोडा चौथ्यात परत घ्या," नाना म्हणाले. "पडलेले उभे करा. पाचव्या भागात पुन्हा एक वाजलेत."

"नाना!" आबा ओरडले. "बठ्ठं आपलं व्हयनं, आन् आते घोडा मागे लेवाले सांगतस? मन्हा घोडा काय घाणीना बैल शे का?"

शेठ म्हणाले, "नाना, माझी तक्रार नाही. मी हरलो, मान्य आहे. संध्याकाळपर्यंत संपवायचंय ना? राहू द्या."

वकिलांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या कानात हवा सोडली. मी निरोप मोठ्यानं सांगितला: "वकीलसाहेब म्हणतात, वेळेत हरकत आली नाही, म्हणजे हक्क सोडल्यासारखा आहे."

"प्रवासी हरकत घेत नसतात," नाना म्हणाले. "त्यांना माहीतच नसतं. म्हणून तर कंट्रोलर असतो."

मग त्यांनी खिशातल्या सगळ्या चकत्या काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवल्या. "दुसरं. माझा चार्ज काढून घ्या. चुकीची लाईन दिली की माणूस खुर्चीवरून उठतो. चूक लहान की मोठी ते नंतर बघतात, आधी खुर्ची रिकामी करतात. वकीलसाहेब, चार्ज घ्या."

"त्यांचा तर घसाच बसलाय!" शेठ म्हणाले.

"म्हणूनच आज त्यांचं सगळे ऐकून घेतील," नाना म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

ते फाटकाजवळ, वजनकाट्याशेजारच्या निंबाखाली बाजेवर बसले. मी युद्धबंदी संपल्यावर आत जाताना त्यांना म्हटलं की नुसतं बघायला यायला हरकत नसावी. "चार्ज नाही," ते म्हणाले. अक्का डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोण अडवतंय तुम्हाला? तुम्हीच ना?" नाना म्हणाले, "मीच. बरोबर." त्या दिवशी त्यांनी हे एकदाच, स्वतःच, उत्तरासह म्हटलं.

आत वकिलांची तोफपलटण माझ्याकडे आली आणि वकील कोपऱ्यावर चकत्यांशेजारी उभे राहिले. दहा वर्षं प्रत्येक निर्णयाला आडवा गेलेला माणूस. पहिल्या पाळीला तो गोंधळला. दुसऱ्या पाळीला त्यानं बँकेच्या कारकुनांना पाटी नीट पुसायला लावली. तिसऱ्या पाळीला आबांनी हरकत घेतली तेव्हा त्यानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्याचा निर्णय ऐकू यायचा तर सगळ्या शेडला गप्प बसावं लागे. आणि शेड गप्प असली की पाळी लवकर होते, हा शोध आम्हाला इतक्या वर्षांनी लागला. मी दोनदा पाण्यासाठी बाहेर गेलो. दोन्ही वेळा नानांनी मला येताना पाहिलं आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

उन्हं पत्र्याच्या फटीतून आडवी आली तेव्हा असईच्या भिंतीशी शेवटच्या तोफा उरल्या होत्या. आबांनी घोडा पुन्हा चौथ्या भागाच्या कडेला आणला होता. त्यांनी चकती मागितली. वकिलांनी पाट्या पाहिल्या आणि मान नकारार्थी हलवली. पुढच्या पाळीला दिली. घोडा पोचला तेव्हा शेठच्या लाल डगल्यांनी तोफा घेतल्या होत्या. आणखी एका पाळीत सगळं आटोपलं.

वकील काही तरी पुटपुटले. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. "संपली," ते म्हणत होते.

शेठसुद्धा जिंकल्यासारखे दिसत नव्हते. मग वकील बाहेर चालायला लागले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं गेलो.

"निकाल सांगू नका," नाना बाजेवरूनच म्हणाले. "एकपासून सांगा. क्रमानं."

वकील त्यांच्याशेजारी बसले आणि सांगू लागले. आवाज अजून नव्हताच. त्यांचं एक वाक्य झालं की मी ते मोठ्यानं म्हणे, नाना ते परत म्हणत, "बरोबर?" विचारत, आणि ज्याची फौज त्यात असेल तो "बरोबर" म्हणे. कारकून पहिल्यांदाच सलग दोन वाक्यं बोलले. नाना डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या तोफांपाशी गोष्ट आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आबांनी चकती मागितली तेव्हा चौथ्यात किती?"

"साडेचार."

"पाचव्यात?"

"साडेचार."

"मग दिली का नाही?"

वकिलांनी माझ्या कानात सांगितलं. तिसऱ्या भागाची पाटी पुसायची राहिली होती. तिथं चारच वाजले होते.

"तिसऱ्याचा काय संबंध?" नाना म्हणाले. "घोडा चौथ्यातून पाचव्यात चालला होता. चकती द्यायला पाहिजे होती."

आबा उभे राहिले. एका पाळीआधी घोडा गेला असता तर तोफा अजून शिंद्यांच्या हातात होत्या, हे प्रत्येकाला दिसत होतं. आत टेबलं तशीच होती, शिपाई जागच्या जागी होते, थोडा उजेडही शिल्लक होता. वकिलांनी खिशात हात घातला आणि चकत्या बाहेर काढून नानांपुढं धरल्या.

नानांनी त्या घेतल्या नाहीत.

"चार्ज तुमचा होता," ते म्हणाले. "चूक तुम्ही सांगितली नाहीत, कारण तुम्हाला ती दिसली नाही. मी बाहेर होतो. बाहेरच्या माणसाला लाईन बदलता येत नाही. निकाल कायम."

"म्हणजे आपण हारनूत?" आबांनी विचारलं.

"हरलात, आबा," नाना बाजेवरून उठत म्हणाले. "पण शेवटपर्यंत."

मग ते आत गेले, आणि ट्रक यायच्या आत शिपाई पोत्यांत भरायला हवेत, हे माहीत असूनही कुणी त्यांना घाई केली नाही.